तीन लिप्यांच्या ग्रंथासाठी बास्करव्हिल : सीमाभागातील एका वाचनालयाच्या स्मृतिग्रंथाचे प्रकरण

खानापूर तालुक्यातील एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाने आपल्या जुन्या कागदपत्रांचा स्मृतिग्रंथ काढायचे ठरवले आणि त्याच्या अक्षरजुळणीचे काम माझ्याकडे आले. बेळगावात डीटीपी करणाऱ्याला मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा रोजच हाताळाव्या लागतात. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका या सगळ्यांत तिन्ही लिप्या असतात. पण तेथे वाचणारा आपली भाषा निवडतो आणि बाकीचा मजकूर सोडून देतो, त्यामुळे तीन लिप्यांचे एकमेकींशी जमले नाही तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. हा ग्रंथ तसा नव्हता. बेळगाव जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता आणि त्यानंतर तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. वाचनालयाच्या बैठकींची इतिवृत्ते पहिल्यापासून मराठीत होती, सरकारदरबारचा जुना पत्रव्यवहार इंग्रजीत होता आणि १९५६ नंतर अनुदानाची पत्रे हळूहळू कन्नडमध्ये येऊ लागली होती. म्हणजे एकच हकीकत तीन लिप्यांमधून पुढे सरकत होती, आणि ती समजून घ्यायची तर वाचकाला एका लिपीतून दुसरीत जावेच लागणार होते. एखाद्या इमारतीच्या अनुदानाचा ठराव मराठीत, त्यावरचे कलेक्टर कचेरीचे उत्तर इंग्रजीत आणि त्याच इमारतीच्या दुरुस्तीची मंजुरी कन्नडमध्ये, अशी सामग्री होती.

अशा ग्रंथासाठी रोमन लिपीचा, म्हणजे इंग्रजी मजकुराचा, कोणता पारंपरिक सेरिफ (रेषांच्या टोकांना लहान आडव्या कडा असलेला) टाइप घ्यावा, तो किती आकारात लावावा आणि कोठे वापरू नये, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. शेवटी घेतला तो बास्करव्हिल, अठराव्या शतकातील एक इंग्रज टाइप. काम पूर्ण होईपर्यंत मी यात काही चुका केल्या; त्याही येथे नोंदवल्या आहेत, कारण पुढच्या माणसाला त्यांचाच जास्त उपयोग होईल.

पहिले प्रूफ

पहिले प्रूफ मी सवयीने काढले. डेमी आकार, ओळीची रुंदी १०८ मिलिमीटर, मराठीसाठी हाताशी असलेला एकसारख्या जाडीचा ठळक फॉन्ट, कन्नडसाठी संगणकात आधीपासून असलेला फॉन्ट आणि इंग्रजीसाठी ११ पॉइंट टाइम्स न्यू रोमन. मराठीची १६४, कन्नडची २८ आणि इंग्रजीची ४० अशी २३२ पाने झाली. समितीतील बहुतेक मंडळी सत्तरीच्या पुढची होती. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांनी इंग्रजीचे पान डोळ्यांपासून लांब धरून पाहिले, मग जवळ आणले आणि म्हणाले, "अक्षर बारीक नाही हो. अक्षर गर्दीत उभं राहिलंय."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवले, कारण त्यात टाइम्सचा सगळा स्वभाव आला होता. ज्या कामासाठी तो टाइप घडवला गेला त्या कामात गर्दी हाच त्याचा गुण होता. लंडनच्या 'द टाइम्स' या वृत्तपत्रासाठी मोनोटाइप कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांनी त्याची आखणी केली, व्हिक्टर लार्डेंट यांनी तो रेखाटला आणि ३ ऑक्टोबर १९३२ च्या अंकापासून ते वृत्तपत्र त्यात छापले जाऊ लागले. वृत्तपत्राचा स्तंभ अरुंद असतो आणि कमी जागेत जास्त मजकूर बसवायचा असतो. म्हणून टाइम्सची लहान अक्षरे उंचीला चांगली असूनही रुंदीला चेपलेली आहेत आणि शब्द घट्ट बसतात. अरुंद स्तंभात डोळा चटकन पुढच्या ओळीवर उतरतो, त्यामुळे ही घट्टी जाचत नाही. ग्रंथाच्या रुंद ओळीत मात्र एका ओळीत साठ-पासष्ट अक्षरे सलग वाचायची असतात आणि तेथे तीच घट्टी गर्दी होते. १९७२ मध्ये खुद्द त्या वृत्तपत्रानेही तो टाइप बदलला. आपल्याकडे तो पसरला तो गुणांमुळे कमी आणि १९९२ पासून विंडोजबरोबर आयता आला म्हणून जास्त. टाइम्स वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. कचेरीच्या पत्राला आणि तक्त्यांना तो आजही चांगला आहे. पण आपण तो निवडत नाही, तो आपल्याला मिळालेला असतो, आणि ग्रंथाच्या कामात हा फरक फार मोठा ठरतो.

दुसरी अडचण इंग्रजीच्या पानाची नव्हती, सगळ्या ग्रंथाची होती. समोरासमोरची दोन पाने उघडली की मराठीचे पान काळे, कन्नडचे राखाडी आणि इंग्रजीचे त्या दोहोंच्या मधले दिसत होते. एका घरातली तीन माणसे वेगवेगळ्या आवाजात बोलत असावीत तसे ते होते; त्यातील एक ओरडत होता.

आधी देवनागरी ठरवली

येथे मी क्रम बदलला आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच होता. बहुभाषिक कामात सर्वसाधारणपणे रोमन टाइप आधी ठरतो आणि बाकीच्या लिप्यांनी त्याच्याशी जमवून घ्यायचे असते. या ग्रंथाची दोन तृतीयांशांहून जास्त पाने मराठीत होती. म्हणून देवनागरी आधी ठरवायची आणि रोमन तिच्या पानाकडे पाहून सर्वांत शेवटी ठरवायची, असे मी समितीला सांगितले.

देवनागरीसाठी निर्णयसागरी वळण घ्यायचे यावर कोणाचेही दुमत नव्हते. जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये मुंबईत टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्यांच्या कारखान्यात राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या साच्यांवरून जे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, पडले त्यांनी मराठी आणि संस्कृत वाचकाच्या कित्येक पिढ्यांची नजर घडवली. ज्या काळची इतिवृत्ते छापायची होती त्या काळी वाचनालयाच्या कपाटात जी पुस्तके होती तीही बहुतेक याच वळणाची होती. या वळणात जाड आणि बारीक रेषांमधला फरक स्पष्ट आहे, शिरोरेखा बारीक आणि ताठ आहे, वाट्या मोकळ्या आहेत. आजच्या युनिकोड फॉन्टांपैकी मुक्त परवान्यावर मिळणारा तिरो देवनागरी मराठी या परंपरेच्या जवळचा वाटला. त्याच्या नावात 'मराठी' आहे ते उगाच नाही. ल आणि श यांची आपली रूपे त्यात मुळातच आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात हीच रूपे प्रमाण धरली. सीमाभागात त्या निर्णयाचा अंमल नसला तरी आमच्या शाळांत पाटीवर गिरवली गेली ती अक्षरे हीच.

बोरूचा झोक

देवनागरी ठरल्यावर तिच्या शेजारी रोमन टाइप लावून पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत होती आणि तिचे कारण काही केल्या सापडत नव्हते. 'खानापूर' हे नाव मराठी परिच्छेदात देवनागरीत होते आणि पुढच्याच ओळीत अवतरणात इंग्रजीत होते. दोन्हींचा आकार बरोबर होता, काळेपणाही बराचसा जुळला होता, तरी इंग्रजी शब्द कागदावर तिरपा चिकटवल्यासारखा दिसत होता.

त्याचे उत्तर मला एका जुन्या जुळाऱ्याने दिले. शहापूरला राहणारे हे गृहस्थ हातजुळणीच्या काळात छापखान्यात होते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. त्यांनी पत्र्याच्या डबीतून जपून ठेवलेले चार-पाच शिशाचे खिळे काढले, त्यांतला 'व' चिमटीत धरून भिंगाखाली ठेवला आणि विचारले, "ह्याची वाटी कुठं बारीक झालीय बघ." खिळ्यावर अक्षर उलटे असते, म्हणून आधी त्याचा ठसा कागदावर काढला. घड्याळाची तबकडी डोळ्यांपुढे आणली तर 'व'ची वाटी एक आणि सात यांच्या जागी बारीक होती, तर दहा आणि चार यांच्या बाजूला भरलेली होती. मग त्यांनी माझ्या प्रुफातल्या इंग्रजी 'ओ'वर भिंग सरकवले. ते अक्षर अकरा आणि पाचला बारीक होते, म्हणजे त्याचा झोक नेमका उलट होता.

याचे मूळ लेखणीत आहे. देवनागरी ज्या बोरूने लिहिली जाई त्याच्या टोकाचा तिरपा छेद युरोपातील रुंद टोकाच्या लेखणीच्या उलट बाजूला असे. त्यामुळे रोमन अक्षरांत डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड येते आणि देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. पंधराव्या-सोळाव्या शतकातील रोमन टाइप लेखणीच्या वळणाशी प्रामाणिक राहून कोरले गेले, म्हणून त्यांत हा झोक ठसठशीत दिसतो. १५६१ मध्ये वारलेल्या क्लोद गॅरामाँ यांच्या वळणाचे टाइप त्याचे उत्तम उदाहरण आहेत. अठराव्या शतकातील इंग्रज टाइपकार विल्यम कॅस्लन यांच्या अक्षरांतही तो बराच टिकून आहे. हे दोन्ही टाइप मला मनापासून आवडतात आणि इंग्रजीच्या स्वतंत्र पुस्तकासाठी मी ते आजही घेईन. पण निर्णयसागरी देवनागरीच्या ओळीत ते बसवले की दोन झोक एकमेकांना छेदतात आणि ओळ अस्वस्थ दिसते.

मग झोक नसलेला, म्हणजे जाडपणाचा अक्ष सरळ उभा असलेला सेरिफ शोधायचा. असे टाइप दोन जातींचे आहेत. एका टोकाला इटलीतील जांबात्तिस्ता बोदोनी यांचा टाइप आहे. त्याचा अक्ष पूर्ण उभा आहे, पण जाड रेषा अतिशय जाड, बारीक रेषा केसासारख्या आणि सेरिफ म्हणजे रेषेच्या टोकाला आडवे लावलेले नुसते पाते. मॅपलिथो या पुस्तकांच्या साध्या, बिनचकाकीच्या कागदावर ती पाती तुटतात आणि पानभर उभ्या गजांचे कुंपण दिसू लागते. कॅस्लन आणि बोदोनी यांच्या मधल्या पायरीवर बर्मिंगहॅमचे जॉन बास्करव्हिल उभे आहेत.

बास्करव्हिल यांची अक्षरे

१७०६ ते १७७५ हा त्यांचा काळ. ते आधी सुलेखनाचे शिक्षक होते, थडग्यांवरच्या शिळांवर अक्षरे कोरीत असत, मग लाखेच्या चकचकीत वस्तूंच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि तो टाइप, शाई, कागद आणि छापयंत्र सुधारण्यात घातला. जॉन हँडी या कारागिराने त्यांच्या टाइपचे साचे कोरले. १७५७ मध्ये त्यांनी लॅटिन कवी व्हर्जिल यांच्या काव्याची आवृत्ती छापली आणि १७६३ मध्ये केंब्रिज विद्यापीठासाठी बायबल. छापलेला ताव ते तापवलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत करीत, म्हणून त्यांची बारीक रेष कागदावर स्वच्छ उमटे. ही बाब पुढे आमच्या कामात महत्त्वाची ठरली.

त्यांच्या अक्षरांकडे जवळून पाहिले तर इंग्रजी 'ओ' जवळजवळ बारा आणि सहाच्या जागी बारीक होतो. सेरिफ धारदार आहेत, पण दांड्याला कमानीने जोडलेले आहेत, तुटक नाहीत. छोट्या 'जी'ची खालची वाटी पूर्ण मिटत नाही, ती उघडी राहते; मोठ्या 'क्यू'ची शेपटी ऐटीत बाहेर पडते. अक्षरे रुंद आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात हवा आहे. मला सरांचे 'गर्दी' हे वाक्य आठवले. निर्णयसागरी 'व', 'ब', 'घ' यांच्या मोकळ्या वाट्यांशेजारी ही हवा हवीच होती.

बास्करव्हिल यांच्या हयातीत त्यांच्या टाइपवर टीका झाली की त्याच्या बारीक रेषांनी वाचकांचे डोळे जातील. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६० मध्ये त्यांना पत्राने एक प्रसंग कळवला. असा आक्षेप घेणाऱ्या एका गृहस्थापुढे त्यांनी कॅस्लनच्या टाइपचा नमुना, वरचे नाव फाडून, बास्करव्हिलचा म्हणून ठेवला आणि त्या गृहस्थाने त्यातच सगळे दोष दाखवून दिले. हा प्रसंग मला पूर्वीपासून माहीत होता आणि समितीपुढे जाताना मी त्यातून एवढेच घेतले की टाइपची नावे सांगायची नाहीत.

नाव न सांगता चाचणी

इंग्रजीचा एकच परिच्छेद, वाचनालयाच्या एका जुन्या अर्जाचा, मी सहा प्रकारे जुळवला आणि प्रत्येकाच्या वर तोच मराठी ठराव ठेवला. लेझर प्रिंटवर निर्णय घ्यायचा नाही असे आधीच ठरवले होते, कारण लेझरची पूड कागदावर बसते आणि ऑफसेटची शाई कागदात थोडी मुरते. दोन्हींची बारीक रेष सारखी येत नाही. उद्यमबागेतील एका ऑफसेट छापखान्याने दुसऱ्या कामाच्या प्लेटवर उरलेल्या जागेत ही सहा पाने घेऊन ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) मॅपलिथोवर छापून दिली. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे; अशी चाचणी सहसा कोणी करून देत नाही.

समितीच्या सदस्यांना पाने वाचायला दिली आणि कोणते आवडले हे न विचारता कोणते वाचून पूर्ण झाले एवढेच विचारले. गॅरामाँ सुंदर म्हणून दोघांनी बाजूला ठेवला, पण वाचताना मराठीवरून इंग्रजीवर येताना थांबल्यासारखे होते असे त्यांनीच सांगितले. बोदोनीचे पान एकानेही पूर्ण वाचले नाही. बास्करव्हिलची दोन पाने होती आणि त्या दोहोंतला फरक या चाचणीने शिकवलेली सर्वांत उपयोगी गोष्ट होती. पहिले पान मूळ अक्षरांच्या नाजूकपणाशी इमान राखणाऱ्या एका डिजिटल आवृत्तीचे होते आणि ते फिके पडले. दुसरे लिब्रे बास्करव्हिलचे होते आणि ते बसले.

याचे कारण छपाईच्या पद्धतीत आहे. खिळ्यांच्या छपाईत धातू शाईसकट कागदात रुतत असे, शाई कडेने किंचित पसरत असे आणि कोरीव काम करणारा हे पसरणे हिशेबात धरूनच रेष बारीक ठेवीत असे. खिळ्यांवरून डिजिटल रेखाटन करताना ती बारीक रेष जशीच्या तशी घेतली आणि ऑफसेटने छापली, तर रुतणे आणि पसरणे होत नाही. अक्षर मूळ पुस्तकात दिसत असे त्यापेक्षा अशक्त दिसते. लिब्रे बास्करव्हिल हा पाब्लो इम्पायारी यांच्या मंडळींनी अमेरिकन टाइप फाउंडर्सच्या १९४१ च्या बास्करव्हिलवरून तयार केलेला मुक्त परवान्याचा फॉन्ट आहे. तो मुळात पडद्यावर वाचण्यासाठी केलेला असल्याने त्याची लहान अक्षरे उंच आहेत, पोटे मोठी आहेत आणि जाड-बारीक रेषांमधले अंतर कमी केले आहे. जी सोय पडद्यासाठी केली ती आमच्या खरखरीत, शाई पिणाऱ्या कागदाला नेमकी उपयोगी पडली. बास्करव्हिल यांच्यासारखा गुळगुळीत ताव आम्हाला परवडणारा नव्हता. कागदाला नाही तर अक्षराला बदलणे भाग होते.

आकार, ओळी आणि फर्मे

पॉइंटचा आकडा दोन टाइपांत सारखा असला म्हणजे अक्षर सारखे दिसेल असे नाही. लिब्रे बास्करव्हिल ९.५ पॉइंटात लावला तेव्हा त्याची लहान अक्षरे ११ पॉइंटातील टाइम्सएवढी, किंबहुना किंचित मोठी दिसली. देवनागरी १२.५ पॉइंटात ठेवली. या मापांत देवनागरीची शिरोरेखेपासून तळापर्यंतची उंची इंग्रजीच्या लहान अक्षरांहून थोडी जास्त आणि मोठ्या अक्षरांहून थोडी कमी येते. मिश्र मजकुरात मी नेहमी हाच मेळ शोधतो. दोन्हींच्या ओळींतील अंतर मात्र एकच, १८ पॉइंट, ठेवले. त्यामुळे समोरासमोरच्या पानांवरील मराठी आणि इंग्रजी ओळी एका रेषेत आल्या आणि कागदाच्या मागची छपाई दोन ओळींच्या मधून डोकावली नाही.

तिरो देवनागरीत स्वतःची रोमन अक्षरे आहेत आणि ती चांगली आहेत, तेव्हा सगळे इंग्रजी त्यातच का लावले नाही, असा प्रश्न सरांनी विचारला. त्या फॉन्टात सरळ आणि तिरके असे दोनच प्रकार आहेत, ठळक नाही. इंग्रजी पत्रव्यवहारात विषयाची ओळ आणि ठरावाचे आकडे ठळक लागत होते. मराठी मजकुरातले सुटे इंग्रजी शब्द तिरोत आणि इंग्रजी विभाग बास्करव्हिलमध्ये, असा मध्यम मार्ग मी आठवडाभर करून पाहिला. एका ग्रंथात दोन इंग्रजी दिसू लागल्या. शेवटी इनडिझाइन या पानजुळणीच्या संगणक कार्यक्रमात असा नियम लावला की मराठी परिच्छेदात रोमन अक्षर आले की ते आपोआप बास्करव्हिल होईल आणि आकाराने ९.५ वर येईल. मराठीच्या मथळ्यांना ठळक अक्षर नव्हतेच. त्यांसाठी आकार वाढवला आणि वर-खाली मोकळी जागा सोडली. जुन्या पुस्तकांत मथळे असेच असत.

बास्करव्हिलची रुंदी फुकट मिळत नाही. इंग्रजीची ४० पाने ४४ झाली, मराठीची १६४ ची १६८ झाली, कन्नड २८ च राहिली. एकूण २४० पाने, म्हणजे सोळा पानांचे पंधरा फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले पानांचे गठ्ठे). आधीची २३२ पाने म्हणजे साडेचौदा फर्मे होते, आणि अर्ध्या फर्म्यासाठीही छापखान्याला यंत्र तेवढेच थांबवावे लागते. जागा खाणारा टाइप घेऊनही कामाचा खर्च फारसा वाढला नाही तो या योगायोगाने. प्रत्येक वेळी तसे होईल असे नाही, म्हणून टाइप ठरवण्याआधी फर्म्यांचा हिशेब मांडून पाहावा.

कन्नडचा भाग मी एकट्याने ठरवला नाही. कन्नड माध्यमाच्या शाळेतील एका शिक्षिकांनी, त्यांना समितीत सगळे अक्का म्हणतात, तिरो कन्नडचे प्रूफ तपासले. कन्नड अक्षराला शिरोरेखा नसते, डोक्यावर तलकट्टू, म्हणजे प्रत्येक अक्षराची वेगळी छोटी टोपी, असते, आणि जोडाक्षराचा दुसरा भाग, ओत्तक्षर, खाली लोंबतो. १८ पॉइंटांच्या अंतरात काही ओळींची ओत्तक्षरे खालच्या ओळीच्या मात्रांना टेकत होती. अक्कांनी पेन्सिलीने अशा एकोणीस जागा दाखवल्या. अंतर वाढवले असते तर समोरासमोरच्या ओळी विस्कटल्या असत्या. त्याऐवजी कन्नडचा आकार अर्धा पॉइंट उतरवला. आकाराने ती किंचित लहान झाली, पण तिच्या गोलाईमुळे ती उणी दिसत नाही असा निर्वाळा त्यांनीच दिला. तो त्यांनीच द्यायला हवा होता. ज्याची लिपी त्याने सांगितल्याशिवाय तिचा आकार उतरवणे आमच्या भागात तरी कोणी करू नये.

झालेल्या चुका

पहिली चूक टाइपची नव्हती, पण टाइप बदलताना झाली. मराठीचा बराच मजकूर आधी जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेला होता. तो युनिकोडमध्ये बदलताना ऱ्य मधला आडवा अर्धा र हरवला आणि त्याच्या जागी रफार आला. 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' झालेले लगेच दिसते. भीमगडच्या रानाचे वर्णन असलेल्या एका लेखात मात्र 'दऱ्या'चे 'दर्या' झाले होते. हाही शब्द खराच असल्याने तपासनीस कार्यक्रमाला ते कळले नाही आणि सह्याद्रीच्या माथ्यावर समुद्र आला. शेवटी प्रत्येक 'र्य' हाताने तपासला, कारण 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतले कोणते बरोबर हे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. तळटिपांसाठी बास्करव्हिल ७ पॉइंटात लावला. पडद्यावर आणि लेझरवर टिपा स्वच्छ होत्या. छापून आलेल्या पहिल्या फर्म्यात तिरक्या अक्षरांच्या बारीक रेषा जागोजाग तुटल्या होत्या आणि जुन्या तारखांमधले तीन आणि आठ एकमेकांसारखे दिसत होते. ज्या ग्रंथाचे सगळे मोल तारखांत आहे त्यात हे चालणार नव्हते. टिपा ८ पॉइंटात घेतल्या, तिरके अक्षर काढून टाकले आणि त्या फर्म्याच्या प्लेटा पुन्हा काढाव्या लागल्या. त्याचा खर्च मी घेतला. चाचणीच्या सहा पानांत मी तळटीप ठेवलीच नव्हती. छापायच्या सर्वांत लहान आकाराची चाचणी आधी घ्यायला हवी होती.

मुखपृष्ठावर हा टाइप नको असे मी सांगितले आणि ते समितीला काहीसे रुचले नाही. गडद तांबड्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत नाव हवे होते. अशा छपाईत अक्षराच्या जागी कागद कोरा राहतो आणि चहूबाजूंची शाई आत सरकते. बास्करव्हिलच्या धारदार सेरिफांना ती पहिल्यांदा गिळते. मोठ्या आकारात ग्रंथाचे इंग्रजी नाव निभावले असते, पण त्याखालची लहान अक्षरांची ओळ निभावली नसती. शेवटी मुखपृष्ठाचा रंग फिका केला आणि अक्षरे गडद ठेवली. वाचनालयाच्या दारावरच्या फलकासाठीही हीच अक्षरे घ्यावीत अशी सूचना आली होती. फलक रस्त्यावरून, चालत्या वाहनातून वाचायचा असतो, तेथे जाड-बारीक रेषांचा हा खेळ दुरून पुसट होतो, म्हणून त्यासाठी एकसारख्या जाडीची अक्षरे सुचवली.

शेवटच्या पानावर मुद्रणाची माहिती द्यायची होती. कोणत्या लिपीसाठी कोणता टाइप वापरला हे तिन्ही भाषांत, प्रत्येकी एका ओळीत, लिहिले. मामांना ते पान मशीनवर चढण्याआधी दाखवले. त्यांनी खिशातून भिंग काढले, तिन्ही ओळींवरून ते सावकाश फिरवले आणि इंग्रजी ओळीच्या शेवटी एक पूर्णविराम राहिल्याचे दाखवून दिले. तो घालून प्लेट काढली.